अप्पांच्या मळ्यात मी भाडेकरू

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जमेल तेवढा वाकून). तिकडे तुम्ही सगळे खुशाल असाल, वहिनींच्या गुडघ्याला उतार पडला असेल आणि तुझं पित्त तुझ्याइतकं हट्टी राहिलं नसेल, अशी आशा करते. मी ठीक आहे. म्हणजे सकाळी उठते, कामावर जाते, परत येते, आणि या तिन्ही गोष्टी रोज त्याच क्रमाने होतात. एवढ्यावर माणसाला ठीक म्हणायला हरकत नसावी. अप्पांचं कसं आहे ते पुढे येईलच. शेवटचं पान आधी काढून वाचू नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं वहिनी विचारतील. फोन लावला की अप्पा खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि माझ्या प्रत्येक वाक्यात दुरुस्ती सुचवतात. ‘बरेच दिवस’ म्हटलं की ‘अकरा दिवस’ म्हणतात. चौतीस वर्षं वजनमापं तपासली त्या माणसाने. दुकानदारांचे काटे सरळ केले, आता माझं बोलणं सरळ करतात. शिवाय फोनवर मी मुद्द्याशी आले की नेमकं तुझ्या दारावर कोणीतरी येतं. हल्ली तर मी तोंड उघडण्याच्या आधीच येतं. पत्राचं बरं आहे. दारावर कोणी आलं तरी ते तिथेच पडून राहतं.

तर विषय असा, की तू अप्पांच्या शहात्तराव्या वाढदिवसाला जी पेटी पाठवलीस, तिचं काय झालं. पेटीत एक दिवा होता, बियांच्या सहा पुड्या होत्या, पाणी घातलं की फुगणाऱ्या मातीच्या चकत्या होत्या आणि ‘घरातल्या घरात औषधी बाग’ कशी करावी याची एक पुस्तिका होती. तुझा हेतू चांगलाच असणार. म्हाताऱ्या माणसाचा वेळ जाईल, असं तुला वाटलं असेल. वेळ गेलाच, पण माझा. पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर लिहिलं आहे की प्रत्येक खोलीत किमान एक झाड असावं, त्याने मन शांत राहतं. माझ्या घरात खोल्या दोन. अप्पांनी मोजल्या नऊ. त्यात न्हाणीघर, जिन्याकडचा कोनाडा, कपड्यांचं कपाट आणि माझ्या पलंगाखालची जागा धरली होती. मी म्हटलं, पलंगाखाली खोली कशी काय? तर म्हणाले, लांबी आहे, रुंदी आहे, उंची आहे, अजून काय लागतं.

सुरुवात पुदिन्याने झाली. पुदिना पचनाला चांगला, डोक्याला चांगला, श्वासाला चांगला. फक्त शेजारधर्माला चांगला नाही. कुंडीत लावला तो पंधरा दिवसांत कुंडीबाहेर आला, मग खिडकीच्या कट्ट्यावर, मग अप्पांनी त्याला ‘मोकळं वाटावं’ म्हणून न्हाणीघरातल्या बादलीत हलवला. आता त्या बादलीचा मालक तो आहे. मी आंघोळ करते ती त्याच्या परवानगीने, एका कोपऱ्यात उभी राहून, तांब्याने. त्याच्या पाठोपाठ गवती चहा आला (त्याची पाती कापतात हे कोणी सांगत नाही, माझ्या दोन्ही हातांवर मांजराने ओरखडल्यासारखे ओरखडे आहेत आणि मांजर आमच्याकडे नाही). मग आलं आलं. मग कोरफडी आल्या. कोरफड एक आणली होती, तिला पिल्लं झाली, पिल्लांना पिल्लं झाली, आणि आता कपाट उघडताना त्या आतून माझ्याकडे बोटं रोखून बघतात.

आमच्या या आरोग्यधामात उपचारही चालतात. सकाळी उठल्या-उठल्या मला पेलाभर हिरवं पाणी मिळतं. त्यात पुदिन्याची पानं सात. आठ चालत नाहीत. अप्पांनी जुन्या पितळी तराजूत पानं तोलून ठरवलं आहे की मध्यम आकाराची सात पानं म्हणजे एक मात्रा. मी शिंकले तर ओव्याचं पान, जांभई दिली तर आलं, आणि काहीच केलं नाही तर ‘सुस्ती’साठी काहीतरी कडू. मी एकावन्न वर्षांची बाई आहे, दादा. दिवसभर लोकांच्या कवळ्या घासून येते. मला सुस्ती लागते, तिच्यावर उपाय नको असतो.

आता कवळ्यांचं सांगते, कारण माझी नोकरी जाता जाता राहिली, ती त्यापायी. कवळ्यांच्या लॅबमधून मी कधीकधी टाकाऊ प्लास्टरचे साचे घरी आणते. हिरड्यांचे, जबड्यांचे. दारं अडवायला बरे पडतात. पुस्तिकेत लिहिलं होतं की कोवळी मेथी उथळ भांड्यात छान उगवते. अप्पांनी उथळ भांडी शोधली. एक दिवस मी घरी आले तर ओट्यावर ओळीने अकरा जबडे मांडलेले, प्रत्येकात ओला कापूस आणि कापसातून बोटभर मेथी. दिसायला वाईट नव्हतं. फक्त अकरातला एक टाकाऊ नव्हता. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचा वरचा जबडा होता तो, निकडीचा. बाईंना त्या शनिवारी कुठल्याशा सभेत भाषण करायचं होतं, म्हणून मी साचा घरी आणून त्यावर मेणाचं काम करणार होते. नेमके त्याच संध्याकाळी लॅबचे मालक काम कुठवर आलं ते बघायला स्वतः आले. तुला त्यांचा स्वभाव माहीत नाही. ते रागावत नाहीत, फक्त चष्मा काढून पुसतात. त्यांनी तो पुसला, परत लावला, जबडा हातात घेतला आणि उजेडात धरला.

“बाईंच्या टाळूतून मेथी उगवली आहे,” ते म्हणाले.

अप्पा पुढे होऊन म्हणाले की मुळं अजून उथळ आहेत, उद्यापर्यंत काढणीला येईल, हवी तर थोडी घेऊन जा. मालकांनी घेतली. कागदात बांधून नेली आणि दुसऱ्या दिवशी मला शांतपणे सांगितलं की मुख्याध्यापिकाबाईंचं माप तू पुन्हा घ्यायचंस, आणि कारणही तूच सांगायचंस. मी कारण सांगितलं. बाई जन्मभर मुलांच्या सबबी ऐकत आलेल्या. म्हणाल्या, निदान नवीन तरी आहे.

आणि तो दिवा. जांभळा उजेड पडतो त्याचा, दादा, तुला कल्पना असेल-नसेल. सूर्य मावळला की आमची खिडकी सगळ्या रस्त्यात उठून दिसते. पहिल्याच आठवड्यात एक बाई जिना चढून आल्या, हातातली पिशवी खाली ठेवली, खुर्चीत बसल्या आणि दोन्ही हात पुढे केले. त्यांना वाटलं खाली पाटी लावायची राहिली असेल, पण हे नखं रंगवून देण्याचं दुकान आहे. अप्पांना वाटलं रुग्ण आहे. मी घरी नव्हते, त्यामुळे दोघांचाही गैरसमज दूर करायला कोणी नव्हतं. बाई पोस्टात पत्रांची वर्गवारी करतात. दिवसभर कागद हाताळून बोटांची टोकं फाटलेली. अप्पांनी कोरफडीचं पान चिरून गर लावला, पाच मिनिटं घड्याळ लावून बसवलं, आणि चार दिवसांनी परत यायला सांगितलं. त्या आल्या. बरोबर पोस्टातल्या आणखी दोघी आणल्या. आम्ही त्यांना नखवाली म्हणतो, अजूनही, तोंडावरसुद्धा. त्यांची हरकत नाही. अप्पा मोबदला घेत नाहीत, फक्त रिकामी बरणी मागतात, कलमं लावायला. त्यामुळे घरात आता बरण्या किती आहेत हे मी सांगणार नाही, अप्पा दुरुस्ती करतील.

मी कुरकुर केली नाही असं समजू नकोस. रोज करत होते. पण संध्याकाळी जिन्यात पाऊल टाकलं की वरून अप्पांचा आवाज यायचा, कोणाला तरी आल्याचा तुकडा किती उकळायचा ते सांगताना. आई गेल्यापासून दोन वर्षं तो आवाज मी ऐकला नव्हता. नुसतं ‘हो’, ‘नको’, ‘ठेव तिथे’ एवढंच चालायचं. मग मी जिन्यातच थोडी थांबायचे आणि कुरकुर अर्ध्याने कमी करून वर जायचे. (हे तुझ्या दिव्याचं कौतुक नाही. वाचून फुगू नकोस.)

मग चिलटं झाली. अप्पा पाणी फार घालतात. घातलेलं असतं, तरी घालतात. माती सदा ओली, तिच्यात चिलटं. चहात चिलट, उशीवर चिलट, माझ्या केसांत बसून एक लॅबपर्यंत आलं आणि एका गृहस्थांच्या नव्या कवळीच्या गुलाबी हिरडीत कायमचं अडकलं. ती कवळी मी पुन्हा केली, मुकाट्याने. तेव्हा माझ्या डोक्यात फक्त चिलटं होती. अप्पा पाणी घातल्यावर परत का घालतात, हे मी स्वतःला विचारायला हवं होतं. औषधवाला म्हणाला होता, अप्पांच्या गोळ्यांची बाटली या महिन्यात लवकर संपली हो. तेही मी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं. थकलेल्या माणसाला दोन कान त्यासाठीच दिलेले असतात.

मागच्या महिन्यात एका दुपारी नखवालीचा लॅबमध्ये फोन आला. त्या बरणी द्यायला आल्या होत्या, दार नुसतं लोटलेलं होतं, आणि अप्पा स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेले होते. पडले असं ते म्हणत नव्हते. बसलो, म्हणत होते. पण आल्याची कुंडी फुटली होती आणि कपाळावर खोक होती. घाबरू नकोस. खोक दोन टाक्यांची होती आणि आता भरली आहे. तुला तेव्हा कळवलं नाही कारण तू आठवडाभर काळजी केली असतीस आणि मला रोज तुझी समजूत घालावी लागली असती. माझ्याकडे तेवढं त्राण नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि मला बाहेर बोलावून विचारलं की गोळ्या चालू आहेत ना? मी म्हटलं, सकाळ-संध्याकाळ, ठरल्या वेळी. त्या म्हणाल्या, आकडा तसं म्हणत नाही. आत जाऊन अप्पांना विचारलं. अप्पा छातीवर हात ठेवून म्हणाले, एकही चुकलेली नाही. या माणसाने आयुष्यात खोटं वजन चालवून घेतलं नाही. मी डॉक्टरीणबाईंवरच चिडले.

रविवारी अप्पा झोपलेले बघून मी चिलटांचा निकाल लावायला बसले. वर्तमानपत्र पसरलं आणि कोरफडीची मोठी कुंडी उलटी केली. मातीबरोबर गोळ्या पडल्या. पांढऱ्या, छोट्या, काही अर्ध्या विरघळलेल्या, काही अगदी कोऱ्या. दुसरी कुंडी उलटली, तिच्यातही. गवती चहात सगळ्यात जास्त. मी मोजल्या नाहीत. मी त्या वर्तमानपत्रावर तशीच बसून राहिले, आणि पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगते, राग आला. मी दिवसभर लोकांचे दात घडवते, हिरवं पाणी पिते, कोपऱ्यात आंघोळ करते, आणि हे रक्तदाबाच्या गोळ्या कोरफडीला चारतात. मी ठरवलं की उठवायचं आणि विचारायचं. वर बघितलं तर अप्पा दारात उभे होते.

ते खाली बसले. गुडघ्यांमुळे बसायला वेळ लागला. त्यांनी बोटाने एक गोळी बाजूला केली.

“घेतली की नाही ते आठवत नाही,” ते म्हणाले. “बाटलीत बघावं तर सगळ्या सारख्या. एकदा दोन घेतल्या गेल्या, डोकं गरगरलं. भीती वाटली. तुझी आई हातावर ठेवायची. मोजायचं काम तिच्याकडे होतं.”

मी विचारलं, मला का नाही सांगितलं. त्यावर ते बराच वेळ मातीच गोळा करत राहिले. मग म्हणाले की बाटली भरलेली दिसली असती तर तू विचारलं असतंस, कचऱ्यात टाकल्या असत्या तर तुला दिसल्या असत्या. चौतीस वर्षं दुसऱ्यांची लबाडी पकडली, त्यातलं इतकं तरी शिकलोच. आणि मग जे म्हणाले ते तुला तसंच्या तसं लिहिते, कारण त्यानंतर मी मळ्याबद्दल कुरकुर सोडून दिली.

“पान तोडलं की फांदीवर जागा दिसते. सात तोडली की सात जागा. गोळी गिळली की मागे काहीच राहत नाही.”

दादा, मला रडू आलं असतं, पण तेवढ्यात अप्पांना चहा हवा झाला.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत एक काम केलं. मालकांना विचारून केलं. त्यांनी चष्मा पुसला आणि हो म्हणाले. हिरड्यांचं गुलाबी ॲक्रिलिक घेतलं आणि वरच्या जबड्याची पुरी कवळी घडवली, पण दात बसवले नाहीत, नुसत्या खळ्या ठेवल्या. पुऱ्या कवळीला वर दात चौदा लागतात. आठवड्याला गोळ्याही चौदाच लागतात. मी सव्वीस वर्षं कवळ्या करते आहे आणि हा हिशेब माझ्या कधी डोक्यात आला नव्हता. डावीकडच्या सात खळ्या सकाळच्या, उजवीकडच्या सात संध्याकाळच्या. पुढचा दात सोमवार, शेवटची दाढ रविवार. गोळी खळीत चपखल बसते. घेतली की तिथे जागा दिसते. सोमवारी सकाळी कवळी तोंडभर दातांची असते आणि रविवारी संध्याकाळी तिचं बोळकं झालेलं असतं. मग मी पुन्हा दात भरते.

अप्पांनी ती हातात घेतली, उलटसुलट केली, खळ्यांची खोली काडीने मोजली. एक खळी किंचित जास्त खोल आहे असं निघालं (गुरुवार, संध्याकाळ). ती दुरुस्त करून दिल्यावर त्यांनी कवळी दिव्याखाली, कोरफड आणि गवती चहा यांच्या मधोमध ठेवली. तीन आठवडे झाले, एकही दात राहिलेला नाही. डॉक्टरीणबाईंना हिरव्या पाण्याचंही विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, पुदिना हवा तेवढा प्या, गोळीच्या जागी नको, गोळीच्या बरोबर. परवा त्या स्वतः जिना चढून आल्या होत्या. अप्पांना तपासायला, असं म्हणाल्या, पण जाताना हातात बरणी होती. वहिनींच्या गुडघ्यासाठी काय पाठवायचं यावर अप्पांचा विचार चालू आहे. मी थांबवलं नाही, वहिनींनी तयार राहावं.

बाकी सगळं ठीक. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी

ता. क. पत्र कशासाठी लिहिलं ते राहूनच गेलं. मला आठ दिवस हवे आहेत. आजारी नाही, कुठे जायचंही ठरलेलं नाही. जिथे भिंतीला लागून नुसती भिंत असेल आणि सकाळी कोणी काही पाजणार नाही अशी एखादी खोली मी बघेन. तू ‘अप्पांना इकडे पाठव’ म्हणशील, दोन वर्षं म्हणतो आहेस. पाठवणार नाही. परवा त्यांना इथेच, या घरात, संडासाचं दार सापडायला वेळ लागला. तुझ्या मोठ्या घरात ते कुठल्या दारासमोर उभे राहतील मला सांगता येत नाही. तूच ये. झाडांना पाणी घालायला नाही. पाणी ते घालतात, दोनदा घालतात. घातलं आहे एवढं सांगायला कोणीतरी हवं.

ता. क. २. (हे मी लिहितो आहे. पाकीट उघडं होतं.) हिने लिहिलं ते बहुतेक खरं आहे. जबडे अकरा नव्हते, दहा होते. पाकिटाचं वजन बावीस ग्रॅम भरतं, त्या बेताने तिकीट लावावं. तू ये. येताना रिकाम्या बरण्या आणू नकोस, पुष्कळ आहेत. — अप्पा

ता. क. ३. पाकीट उघडं होतं म्हणून वाचलं. हिने लिहिलं ते बहुतेक खरं आहे, जबडे फक्त दहा होते. पाकीट तोलून पाहिलं, बावीस ग्रॅम. तिकीट त्या बेताने लावावं. तू ये. — अप्पा

ता. क. ४. दादा, दोन्ही तसेच ठेवले आहेत, खोडले नाहीत. मी पाकीट पुन्हा तोललं. वजन बरोबर आहे.